आधी जमीन, मग नाव: अलाबामाच्या कापूसपट्ट्यातल्या एका वस्तीचा कुलवृत्तांत कसा बांधायचा

कुलवृत्तांत म्हटला की आपण मूळ पुरुषापासून सुरुवात करतो. अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतल्या एखाद्या खेडवळ वस्तीचा इतिहास असा लिहायला घेतला की गाडी लवकरच रुतते. एकाच काउंटीत एकाच दशकात चार विल्यम आणि पाच जॉन सापडतात. काका आणि पुतण्या एकाच नावाचे असतात, आणि कारकुनाने आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. माणसं अशी एकमेकांत मिसळतात, जमिनीचे तुकडे मिसळत नाहीत. म्हणून आधी जमीन पक्की करायची. तिच्यावर कोण राहिलं, ती कुणी कुणाला दिली आणि तिच्यावर कोण राबलं, हे त्यानंतर पाहायचं.

इथे उदाहरणाला एकच वस्ती घेतली आहे: अलाबामाच्या विल्कॉक्स काउंटीतलं जीज बेंड. अलाबामा नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेला हा भाग आज नकाशावर बॉयकिन नावाने दिसतो, आणि तिथल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांमुळे जगभर माहीत आहे. रूढ वृत्तांत असा: उत्तर कॅरोलायनातल्या हॅलिफॅक्स काउंटीतून जोसेफ जी नावाचा जमीनदार १८१६ मध्ये १८ गुलाम घेऊन इथे आला. त्याच्या मृत्यूनंतर जमीन आणि ४७ गुलाम स्टर्लिंग आणि चार्ल्स या पुतण्यांकडे गेले. १८४५ मध्ये त्यांनी २९,००० डॉलरच्या कर्जापोटी हे सगळं मार्क पेटवे या नातलगाला दिलं. पुढच्या वर्षी पेटवे कुटुंब हॅलिफॅक्सहून आलं, आणि त्यांचे सुमारे शंभर गुलाम तिथून पायी चालत आले. आज वस्तीत पेटवे आडनावाची कृष्णवर्णीय घरं भरपूर आहेत. असा तयार वृत्तांत हाती आला की त्यातलं प्रत्येक विधान कोणत्या कागदावर तपासता येईल, याची यादी करणं हे पहिलं काम.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी ठरवून घ्यावी. ‘पहिले रहिवासी’ हा शब्द इथे सैलपणे वापरला जातो. ही भूमी मस्कोगी, म्हणजे क्रीक लोकांची होती. ९ ऑगस्ट १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहाने त्यांच्याकडून दोन कोटी एकरांहून जास्त जमीन काढून घेतली गेली, त्यात आजच्या अलाबामाचा मोठा भाग येतो. त्यानंतर जे आले ते सगळे प्लँटर नव्हते. इतिहासकार साधारणपणे २० किंवा जास्त गुलाम बाळगणाऱ्याला प्लँटर म्हणतात. बहुतेक गोरी कुटुंबं स्वतः नांगर धरणारी होती. १८६० मध्ये अलाबामाच्या ९,६४,२०१ लोकसंख्येत ४,३५,०८० माणसं गुलामीत होती. कापूसपट्ट्यातल्या वस्तीच्या इतिहासात फक्त मोठ्या घरांची वंशावळ दिली, तर तो अर्ध्याहून कमी वस्तीचा इतिहास ठरतो. शिवाय मालकाचे आणि गुलामांचे कागद वेगळे नसतातच. दोघांच्या नोंदी एकाच वहीच्या एकाच पानावर असतात, म्हणून शोधही एकत्रच करायचा.

हद्द आधी

कोणत्या कचेरीत जायचं हे काउंटीच्या जन्मतारखेवर ठरतं. विल्कॉक्स काउंटी १३ डिसेंबर १८१९ रोजी मन्रो आणि डॅलस काउंट्यांचे भाग तोडून झाली. अलाबामा हा वेगळा प्रदेश १८१७ मध्ये आणि राज्य १४ डिसेंबर १८१९ ला झालं. त्याआधी सगळं मिसिसिपी टेरिटरीत होतं. म्हणजे १८१६ मध्ये आलेल्या माणसाने जागा न सोडता चार वर्षांत प्रदेश बदलला, काउंटी बदलली आणि राज्यही मिळवलं. १८१९ पूर्वीचे कागद कॅम्डेनच्या, म्हणजे विल्कॉक्सच्या, कोर्टहाउसमध्ये शोधून रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ असतात. जुनी वही नव्या काउंटीला मिळत नाही, ती जिथे लिहिली गेली तिथेच राहते. एका कागदावर दर दशकाची हद्द काढून भिंतीला लावा. पुढची निम्मी चुकामूक तिथेच टळते.

जमिनीचा पत्ता

अमेरिकेत सातबारा नाही. मालकी म्हणजे खरेदीखतांची साखळी, आणि तिची पहिली कडी सरकारी पट्टा, म्हणजे सरकारने जमीन पहिल्या मालकाच्या नावे करून दिल्याचा कागद (पेटंट). अलाबामा हे ‘पब्लिक लँड’ राज्य असल्याने तिथली जमीन आधी चौकटीत मोजली आणि मग विकली. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौरस. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, ६ नंतर खाली उतरून पूर्वेकडे वळतात, आणि असेच नागमोडी जात ३६ आग्नेय कोपऱ्यात येतो. १६ वा सेक्शन शाळेसाठी राखीव, त्यामुळे तिथे मूळ खरेदीदार दिसला नाही तर घाबरू नये.

खतात ‘नॉर्थवेस्ट क्वार्टर ऑफ साउथईस्ट क्वार्टर ऑफ सेक्शन १४’ असं लिहिलेलं असतं. ही ओळ शेवटाकडून वाचायची: सेक्शन १४, त्याचा आग्नेय चतुर्थांश (१६० एकर), त्याचा वायव्य चतुर्थांश (४० एकर). मराठीत सांगताना ती आपोआप सुलटी होते. पुढे टाउनशिप आणि रेंज (चौरसाचा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम क्रमांक) आणि मेरिडियन (मोजणीची उत्तर-दक्षिण आधाररेषा) येतं. दक्षिण अलाबामासाठी ते सेंट स्टीफन्स मेरिडियन. मेरिडियन टिपायला विसरलात तर तोच टाउनशिप-रेंज क्रमांक हंट्सव्हिल मेरिडियनवरही असू शकतो आणि शेत राज्याच्या दुसऱ्या टोकाला जातं.

ए-३ कागदावर २४ सेंमीचा चौरस काढा, ४ सेंमीच्या ३६ घरांत विभागा. आता ४ सेंमी म्हणजे एक मैल, आणि १ सेंमीचं एक घर म्हणजे बरोबर ४० एकर. ए-४ वर हा चौरस मावत नाही. लहान केला तर पुढे चिठ्ठ्या डकवायला जागा राहत नाही. नदीकाठचे सेक्शन अपुरे असतात, त्यांना ‘फ्रॅक्शनल’ म्हणतात. जीज बेंडसारख्या वळणात असे बरेच, तेव्हा तिथे ६४० चा हिशेब लावू नये, पट्ट्यावरचा नेमका आकडा घ्यावा.

संघराज्याच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर मूळ पट्ट्यांच्या प्रतिमा फुकट मिळतात. तिथे नाव टाकून शोधण्याचा मोह टाळा. टाउनशिप आणि रेंज टाका, म्हणजे त्या चौरसातले सगळे मूळ खरेदीदार एकदम समोर येतात. प्रत्येकाचं नाव आणि पट्ट्याची तारीख घरात भरा. अर्ध्या दिवसात शेजाऱ्यांचा नकाशा तयार होतो, आणि शेजारी म्हणजेच बहुतेक वेळा सासुरवाडी, मेहुणे आणि जामीनदार.

पट्ट्याची तारीख ही येण्याची तारीख नव्हे, ही चूक सर्वांत जास्त होते. १८२० पर्यंत सरकार उधारीवर जमीन विकत असे: एकरी किमान २ डॉलर, किमान १६० एकर, एक चतुर्थांश आधी आणि उरलेलं चार वर्षांच्या आत हप्त्यांनी. सगळे हप्ते फिटल्यावरच पट्टा निघे. १८१९ च्या मंदीत अनेकांचे हप्ते थकले. १८२० च्या कायद्याने उधारी बंद केली आणि दर एकरी सव्वा डॉलर, किमान ८० एकर असा ठेवला. १८३२ पासून ४० एकरही विकत घेता येऊ लागले. त्यामुळे पट्टा निघेपर्यंत माणूस पाच-सात पिकं काढून बसलेला असू शकतो, किंवा हक्क विकून निघूनही गेलेला असतो. पट्ट्यावर ‘असायनी ऑफ’ (अमक्याकडून हक्क घेतलेला) हे शब्द दिसले तर मूळ बोली लावणारा दुसराच. त्याचंही नाव टिपा.

आता उलट्या दिशेने हॅलिफॅक्सला गेलात की चौकट संपते. उत्तर कॅरोलायना, दक्षिण कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि जॉर्जियाचा पूर्व भाग इथे जमिनीला आपल्यासारखी चतुःसीमा असते: ‘लाल ओकपासून उत्तर ४५ पूर्व, ४० पोल, अमुकच्या बांधापर्यंत’. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ४ पोलांची एक साखळी म्हणजे ६६ फूट, १६० चौरस पोलांचा एक एकर. अमेरिकी सर्वेक्षण खात्याच्या १:२४,००० नकाशावर हे तुकडे बसवायचे तर १ सेंमीला ४७.७ पोल धरा. पारदर्शक कागदावर प्रत्येक तुकडा वेगळा काढा, कापा आणि ओढ्याच्या आकाराशी जुळवत सरकवा. आकृतीचं तोंड बंद होत नसेल तर बहुतेक वेळा नक्कल करणाऱ्याने एक बाजू गाळलेली असते किंवा पूर्व-पश्चिमेची अदलाबदल केलेली असते. त्याच जमिनीचं आधीचं किंवा नंतरचं खत काढून ताडून पाहा. सगळे तुकडे सारख्याच अंशांनी तिरके बसत असतील तर चूक तुमची नाही. जुनी दिशा होकायंत्राची आहे, खऱ्या उत्तरेची नव्हे.

खतांच्या वह्या

अलाबामात खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि विवाहनोंदी तिन्ही प्रोबेट (वारसा आणि मृत्युपत्रांचं काम पाहणाऱ्या) न्यायाधीशाच्या कचेरीत असतात, ही मोठी सोय. खतांना दोन सूची: देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्ही पाहायच्या, आणि आडनावाची प्रत्येक तऱ्हा पाहायची. पेटवेसाठी पेट्टवे, पेटअवे, पेटवाय अशा उच्चारांची सगळी इंग्रजी रूपं आधी कागदावर लिहून घ्या. सूची आद्याक्षराने लावलेली असते, पण अक्षरातल्या नोंदी वर्णानुक्रमे नसून तारखेने असतात. म्हणून ते अक्षर अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं.

खतात किंमत आणि जमीन यांपेक्षा कडेचे तपशील जास्त बोलतात. पत्नीने आपला डॉवर हक्क (नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा वाटा) सोडल्याची स्वतंत्र नोंद असते, कारण तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायची रीत होती. तिचं नाव कित्येकदा फक्त तिथेच सापडतं. पत्नीची सही एका खतात आहे आणि तीन वर्षांनी नाही, म्हणजे ती मधे वारलेली असण्याची शक्यता. ‘एक डॉलर आणि प्रेमापोटी’ दिलेली जमीन म्हणजे बक्षीसपत्र, बहुधा मुलीला किंवा जावयाला. शेरीफने केलेलं खत म्हणजे कर्जात झालेला लिलाव. असं खत दिसलं की कोर्टाच्या वहीत दावा शोधा, तिथे पुराव्यांची सविस्तर चौकशी मिळते. खत झाल्याची आणि नोंदल्याची अशा दोन तारखा असतात. मधे वीस वर्षांचं अंतर असेल तर नोंदवण्याच्या वेळी घरात काय घडलं ते पाहा. सहसा मृत्यू किंवा वाटणी.

याच वह्यांत माणसांच्या विक्रीची खतं, गुलाम गहाण ठेवल्याची खतं आणि मुलीच्या लग्नात दिलेल्या माणसांची बक्षीसपत्रं असतात. सूचीत ती गुलामांच्या नावाने लागत नाहीत, मालकाच्या नावाने लागतात. जमिनीचा उल्लेख नाही म्हणून अशी पानं उलटून पुढे जाऊ नका.

मृत्युपत्र नव्हे, संपूर्ण फाइल

मृत्युपत्राची नक्कल मिळाली की लोक समाधानी होतात. खरं धन असतं इस्टेटीच्या फाइलमध्ये: कारभाऱ्याचा जामीनरोखा, मालमत्तेची किंमतवार यादी, लिलावाची यादी, वार्षिक हिशेब, पालकाचे हिशेब, वाटणीचा अहवाल आणि अंतिम हिशेब. मृत्युपत्र न करता वारलेल्याची फाइल जास्त बोलकी, कारण वारसांची नावं कोर्टाला पटवून द्यावी लागत.

जामीनरोख्यावरचे जामीनदार नातलग धरून चालायला हरकत नाही, पण तेवढ्यावर नातं लिहू नये. लिलावात चरखा, पलंग, कुटुंबाचं बायबल कुणी घेतलं ते पाहा. विधवा आणि मुलं तिथेच दिसतात. ‘ऑर्फन’ म्हणजे वडील वारलेलं मूल, आई हयात असली तरी. ‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांखालचं कुणीही. १४ वर्षांचं झालेलं मूल स्वतःचा पालक निवडू शकत असे. त्यामुळे एखाद्या वर्षी मुलाने पालक बदलला, तर त्याच्या जन्मवर्षाचा चांगला अंदाज बांधता येतो. ‘ज्युनियर’ हा त्या काळी मुलगाच असतो असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले तर धाकट्याला ज्युनियर म्हणत, आणि मोठा वारला की ज्युनियरचा सीनियर होई. ‘सन-इन-लॉ’चा अर्थ कित्येकदा सावत्र मुलगा.

मालमत्तेच्या यादीत माणसांची नावं, वय आणि किंमत खेचरांच्या आणि नांगरांच्या शेजारी लिहिलेली असते. वाचायला अवघड जातं, पण गुलामीत जन्मलेल्यांच्या घरांची रचना इथेच मिळते. नावांचा क्रम जसाच्या तसा उतरवा, वर्णानुक्रमे लावू नका. बाईचं नाव आणि लगेच तीन लहान मुलं, मिळून एक किंमत, असा गट असेल तर ते बहुधा एक कुटुंब. वाटणीत ‘लॉट १’, ‘लॉट २’ असे गट पाडून वारसांना दिलेले असतात, तेव्हा पुढचा शोध त्या वारसाच्या काउंटीत सरकतो. वार्षिक हिशेबात कुणाला कुठे भाड्याने पाठवलं हेही असतं. हे करार बहुतेक १ जानेवारीला सुरू होत.

शिरगणती कशी वापरायची

१८४० पर्यंत फक्त घरच्या प्रमुखाचं नाव, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी. प्रमुख हा सगळ्यांत वयस्करच असतो असं नाही. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य. १८८० पासून प्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मराज्य. १८९० ची बहुतेक पानं वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीने आणि नंतरच्या विल्हेवाटीने गेली. जो थोडा तुकडा वाचला त्यात विल्कॉक्सच्या उत्तरेकडच्या पेरी काउंटीचे दोन भाग आहेत, इतकंच. १८५० ते १८८० मध्ये वय १ जूनचं धरायचं, गणक कोणत्याही महिन्यात आलेला असो.

१८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी अनुसूची: मालकाचं नाव, खाली वय, लिंग आणि वर्ण, माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. १८६० मध्ये गुलामांच्या झोपड्यांची संख्याही आहे. शेतीच्या अनुसूचीत कापसाच्या गाठी मोजल्या आहेत, ४०० पौंडांची एक गाठ धरून. याच गाठी १८६१ नंतर यादवी युद्धातल्या नाकेबंदीत अडकल्या आणि मुंबईच्या कापूसबाजाराला तेजी चढली. मृत्यूंच्या अनुसूचीत शिरगणतीआधीच्या बारा महिन्यांतले मृत्यू आहेत. राज्यपातळीवर जन्म-मृत्यू नोंद अलाबामात १९०८ पासून सुरू होते, त्यामुळे ही पानं मौल्यवान.

आता ‘पायी चालत आले’ हा जीज बेंडचा वृत्तांत तपासू. हाताशी चार गोष्टी: १८४० ची हॅलिफॅक्सची शिरगणती (पेटवेकडे किती गुलाम, कोणत्या वयोगटात, तिथे १० वर्षांखाली, १० ते २४, २४ ते ३६, ३६ ते ५५ असे मोठे रकाने आहेत), १८४५ च्या सुमाराची खतं दोन्ही काउंट्यांत, १८५० ची विल्कॉक्सची गुलाम-अनुसूची, आणि १८७० ची शिरगणती. १८७० मध्ये पहिल्यांदा मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं आणि जन्मराज्य येतं. गुंतागुंत अशी की जी आणि पेटवे दोघेही हॅलिफॅक्सचेच. मग वेगळं कसं करायचं? जन्मराज्य आणि वय एकत्र वाचा. १८७० मध्ये २५ ते ५४ वर्षांचा आणि अलाबामात जन्मलेला माणूस १८१६ ते १८४५ दरम्यान जन्मला. तो जी यांच्या काळापासून इथला असू शकतो, किंवा अलाबामातच दुसऱ्या शेतावर जन्मून नंतर आलेला. त्याच वयाचा पण उत्तर कॅरोलायनात जन्मलेला माणूस पेटवेबरोबर आलेल्यांपैकी असण्याची शक्यता मोठी. ५४ च्या वरच्यांबद्दल हा ठोकताळा चालत नाही. मधल्या काळात दलालाकडून विकत घेतलेली माणसंही असतात, म्हणून नुसत्या जन्मराज्यावर काही सिद्ध होत नाही. जी यांच्या मालमत्तेच्या यादीतलं नाव आणि १८७० मधलं नाव-वय जुळलं, तरच पुढचं पाऊल. वयं ५ आणि १० च्या पटीत फेकलेली असतात. चार-पाच वर्षांची तफावत सोडून द्या.

आडनाव हा इथला मोठा चकवा. मुक्त झालेल्याने शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं धरून चालतात. जीज बेंडमध्ये पेटवे इतकं पसरलं म्हणून तो नियम होत नाही. अनेकांनी आधीच्या मालकाचं, वडिलांचं किंवा आपल्या पसंतीचं नाव घेतलं, आणि १८६६ ला एक तर १८७० ला दुसरं असंही दिसतं. ही चार वर्षं भरून काढायला अलाबामाची १८६६ ची राज्य शिरगणती, १८६७ ची मतदारनोंदणी (माँटगोमेरीच्या राज्य अभिलेखागाराने ती ऑनलाइन ठेवली आहे) आणि फ्रीडमेन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या संघराज्याच्या खात्याचे) मजुरीचे करार वापरा. करारात शेतमालक, कुटुंबप्रमुख आणि पिकाचा वाटा एकाच कागदावर येतो. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या मोबील आणि हंट्सव्हिल शाखांच्या सहीवह्यांत ठेवीदाराचे आईवडील, भावंडं, कधी जुना मालकही लिहिलेला असतो. मात्र दुर्गम खेड्यातली माणसं तिथे कमीच. यादवी युद्धात संघराज्याच्या सैन्यात गेलेला कुणी असेल तर त्याची पेन्शन फाइल वॉशिंग्टनहून मागवा; शेजाऱ्यांच्या जबान्या असलेला असा कागद दुसरा नाही.

कोर्टहाउसमध्ये एक दिवस

आधी फोन करा: कोणत्या वह्या जाग्यावर आहेत, फोटो काढू देतात का, जेवणाची सुट्टी कधी. फोनच्या कॅमेऱ्याने पहिला फोटो वहीच्या पाठीचा, दुसरा सूचीच्या ओळीचा, मग पान क्रमांकासह संपूर्ण पान, आणि शेवटी जवळून. फक्त हवा तेवढा परिच्छेद टिपला की घरी आल्यावर तो कोणत्या वहीतला हे कळत नाही. फाइलचं नाव एकाच साच्यात ठेवा: वर्ष, काउंटी, वही, पान, नाव. जिथे काहीच सापडलं नाही तेही लिहा, नाहीतर तीच सूची सहा महिन्यांनी पुन्हा चाळाल. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर बऱ्याच वह्यांच्या प्रतिमा फुकट आहेत, काही फक्त त्यांच्या केंद्रातून दिसतात. घरबसल्या होईल ते आधी उरकून, कोर्टहाउसचा दिवस सुट्या कागदांच्या फायलींसाठी राखा.

अक्षर लावताना लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, ‘आय’ आणि ‘जे’ सारखेच. ‘जेएनओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. पॉली ही मेरी, पॅट्सी ही मार्था, सॅली ही सारा, पेगी ही मार्गारेट. हे माहीत नसेल तर एका बाईच्या दोन बायका होतात आणि नवऱ्याला उगीच दुसरं लग्न लागतं. व्हर्जिनिया-कॅरोलायनाच्या १७५२ पूर्वीच्या कागदांत वर्ष २५ मार्चला सुरू होतं. फेब्रुवारी १७४० हे आपल्या हिशेबाने १७४१.

दफनभूमी, चर्च, आणि घरातल्या गोष्टी

शेतातल्या दफनभूमीला जानेवारी-फेब्रुवारीत जा. झाडोरा बसलेला असतो, साप कमी. शिकारीच्या मोसमात केशरी जाकीट घाला. खासगी जमिनीतल्या दफनभूमीला भेट देण्याचा वंशजांचा हक्क अलाबामाचा कायदा मानतो, तरी शेतमालकाला आधी विचारावं. दगडावर खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश यांपैकी काही लावू नका. खडूचे कण दगडाच्या रंध्रांत बसतात आणि क्रीममधलं आम्ल संगमरवर खातं. आरशाने तिरपा उजेड पाडला की झिजलेली अक्षरं उठतात. फार तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, तोही दगड आतून पोकळ वाजत नसेल तरच. पूर्व-पश्चिम लांबट खळगे, साधे न कोरलेले दगड, युक्का किंवा सदाहरित वेलींचे पुंजके दिसले तर बिननावाच्या कबरी असू शकतात. तिथे पाऊल जपून टाका आणि जागेचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत टिपा, म्हणजे मीटरभर अचूक. शिळा नंतर नातवंडांनी बसवलेली असेल तर तिच्यावरची जन्मतारीख फक्त ऐकीव.

बाप्टिस्ट चर्चमध्ये लहान मुलांचा बाप्तिस्मा नसतो, म्हणून जन्मनोंदी शोधण्यात वेळ घालवू नका. त्यांच्या सभांच्या वह्यांत ‘लेटर ऑफ डिसमिशन’ पाहा: कुटुंब गाव सोडताना घेतलेला दाखला. जुन्या गावची जाण्याची आणि नव्या गावची येण्याची तारीख त्याने जुळते. गुलाम सदस्यांची नावंही तिथे असतात. अलाबामातल्या अनेक बाप्टिस्ट वह्या बर्मिंगहॅमच्या सॅमफर्ड विद्यापीठात आहेत.

घरच्या बायबलमधल्या नोंदी मानण्याआधी मुखपृष्ठामागचं छपाईचं वर्ष पाहा. बायबल १८५४ चं आणि पहिला जन्म १८१२ चा, सगळं एकाच शाईत, तर ते एका बैठकीत आठवणीने लिहिलेलं. ‘तीन भाऊ जहाजातून आले’, ‘पणजी चेरोकी राजकन्या होती’, ‘यँकींनी (उत्तरेच्या सैन्याने) कोर्टहाउस जाळलं’ या तीन कथा जवळजवळ प्रत्येक घरात भेटतात. तिसरी निदान तपासता तरी येते. एकोणिसाव्या शतकाअखेरची काउंटीची जाडजूड चरित्रपुस्तकंही जपून वाचा. अशा अनेकांत माहिती घरच्यांनीच पुरवलेली असे आणि पुस्तक तेच विकत घेत.

डीएनए चाचणी शेवटी. पाच-सहा पिढ्यांमागचा नातेवाईक जुळेलच असं नाही, चौथ्या चुलत भावंडांत कधी कधी काहीच सामाईक निघत नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतले जुळलेले नमुने मात्र कापूसपट्ट्यात वारंवार निघतात. अशा माणसाला पत्र लिहिताना आधी कागद पाठवा, निष्कर्ष नंतर.

लिहिताना

प्रत्येक जमीनतुकड्याचं एक पान, प्रत्येक घराचं एक पान, दोन्हींना एकमेकांचे क्रमांक. प्रत्येक विधानाखाली वही आणि पान. ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ आणि ‘ऐकीव’ अशा तीन खुणा पुरतात. नावांचं मूळ लेखन बदलू नका. गुलामांच्या किंमती लिहिताना यादीतला आकडा द्या, पण माणसाला त्याच्या नावाने संबोधा. ‘जीचे ४७ गुलाम’ असं म्हणून पान संपवलंत तर त्या यादीचा उपयोग केलाच नाही.

वृत्तांत १८६५ ला थांबवू नये. त्यानंतरची वाटेकरी शेती प्रोबेट कचेरीतल्या पीकगहाणांच्या वह्यांत आहे: कुणी कोणत्या व्यापाऱ्याकडून किती उचल घेतली, तारण म्हणून कोणतं खेचर. जीज बेंडची १९३७ मधली आर्थर रॉथस्टाइन यांनी काढलेली छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये फुकट पाहता येतात, आणि त्यानंतर संघराज्य सरकारने जमीन घेऊन कुटुंबांना विकली, त्याची खतं पुन्हा त्याच सेक्शनच्या घरांत भरता येतात.

हयात व्यक्तींच्या जन्मतारखा गाळा. शेवटी दोन सूची करा. एक आडनावांची. दुसरी ज्यांना कागदात आडनाव मिळालं नाही त्यांची: पहिलं नाव, वर्ष, त्या वेळचं वय, कोणाच्या इस्टेटीत, वही आणि पान. वंशज शोधायला येतात ते दुसऱ्या सूचीत, आणि छापील कुलवृत्तांतांत सहसा तीच नसते.